दहावीचे वर्ष : घराचे काम आणि वस्तीचे काम

(नाशिक येथे कार्यकर्ते व सहानुभूतीदार पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाशिक जिल्ह्यात दहावीची परीक्षा केव्हा आली हे शेतमजुराला वेळापत्रक न पाहताही कळते. निफाड-दिंडोरीत द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते. उन्हाळ कांदा काढणीला येऊ लागलेला असतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून आलेली कुटुंबे बागांच्या कडेला मुक्कामाला असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मार्चअखेरची घाई चालू असते आणि पाळीनंतरही थांबावे लागते. मोठ्या माणसांच्या हाती घरासाठी सर्वांत कमी वेळ असतो, नेमक्या त्याच पंधरवड्यात घरातील पंधरा-सोळा वर्षांचे मूल आयुष्यातील पहिल्या सार्वजनिक परीक्षेला बसते.

दहावीच्या मुलांच्या पालकांसाठी दरवर्षी पुष्कळ उपदेश छापला जातो. मुलाला स्वतंत्र खोली द्या, आईने वर्षभर रजा घ्यावी, घरात पाहुणे बोलावू नका, चांगल्या क्लासची निवड वेळेवर करा. हा उपदेश खोटा नाही. पण तो दुसऱ्याच घरासाठी लिहिलेला आहे. सिडकोतील दोन खोल्यांत रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, तेव्हा अभ्यास करणाऱ्या मुलीने पाठांतर कोठे करावे, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. श्रमिकांच्या घराने आणि त्याच्याभोवतीच्या वस्तीने या वर्षात नेमके काय करावे, हाच आजच्या विचाराचा विषय आहे.

प्रथम ज्या आकड्याचा एवढा धसका घेतला जातो तो आकडा काय आहे हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राचे परीक्षा मंडळ १९६६ साली अस्तित्वात आले. १९७५ पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीच्या अखेरीस होत असे. नवा आकृतिबंध आल्यावर ती दहावीला आली. म्हणजे आयुष्याचे वळण म्हणून ज्या इयत्तेकडे पाहिले जाते ती शासनाच्या एका निर्णयाने ठरलेली आहे. गुणांचेही तसेच. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत देण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली.

या चार वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एकदा खाली आणि एकदा वर गेली असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते मोजमाप. तरीही २०१९ च्या जून महिन्यात कित्येक घरांत मुलांना जे ऐकावे लागले ते मोजमापाविषयी नव्हते, त्यांच्या लायकीविषयी होते. दुकानदाराचा तराजू बदलला तर ग्राहक जाब विचारतो. येथे मात्र ज्वारीलाच दोष दिला गेला. परीक्षा गंभीरपणे घ्यावी, कारण पुढच्या प्रवेशाचा मार्ग तिच्यातून जातो. परंतु गुण म्हणजे मुलाची किंमत नव्हे, ही गोष्ट पालकाने वर्षाच्या आरंभीच स्वतःशी पक्की केली पाहिजे. निकालाच्या दिवशी ती एकाएकी सुचत नाही, आणि सुचली तरी मुलाला पटत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात या संदर्भात एक अत्यंत उद्बोधक उदाहरण आहे. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शेकड्यात मांडले तर अडतीसही भरत नाहीत. आजच्या चौकातील अभिनंदनाच्या फलकावर या गुणांना जागा मिळाली नसती. पण त्या दिवशी त्याच्या समाजाने सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात याच केळुस्करांचा हात होता.

त्या २८२ गुणांमागे कोणती व्यवस्था होती हे पाहण्यासारखे आहे. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीत एका खोलीत राहत. स्वयंपाक, सामान, माणसे, झोपणे, सारे त्या एकाच खोलीत. जागा वाढवणे त्यांच्या हातात नव्हते, म्हणून त्यांनी वेळेची वाटणी केली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास, सारी चाळ शांत झाल्यावर, त्याला उठवायचे. पुस्तकांची मागणी आली की लेकींकडे जाऊन पैसे उसने आणायचे, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण टाकायचे. या कथेतून मुलाने पहाटे दोनला उठावे असा बोध काढणारे पुष्कळ आहेत. तो चुकीचा आहे. रामजींनी मुलाची झोप कापली नाही, तिची जागा बदलली. जागरण स्वतःकडे घेतले. स्वतःच्या परिस्थितीत जे बदलता येणे शक्य होते ते त्यांनी बदलले, आणि जे घराला अशक्य होते ते केळुस्करांसारख्या बाहेरच्या माणसाने केले. घराचे काम आणि वस्तीचे काम यांची ही विभागणी आजही तशीच लागू आहे.

घराचे पहिले काम म्हणजे मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडणे. दहावीतील मुलाची शाळा साधारण सहा तासांची. क्लास असेल तर दोन-तीन तास आणखी. जाणे-येणे तासभर. घरी आल्यावर 'आता चार-पाच तास बस' अशी आज्ञा होते. एकूण बेरीज चौदा तासांपर्यंत जाते. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. मे दिनाला त्याचे स्मरण आपण करतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षे पुरी झालेल्या पण पंधरा पुरी न झालेल्या मुलाला दिवसाला साडेचार तासांहून अधिक कामावर ठेवण्यास मनाई केली होती. युनियनच्या सभेत कामाच्या तासांवर तावातावाने बोलणारा कार्यकर्ता घरी येऊन मुलाकडून चौदा तासांची मागणी करतो, तेव्हा तो बाप राहत नाही, मुकादम होतो. आणि मुकादमासमोर मजूर जे करतो तेच मूल करते : पुस्तक उघडे ठेवून वेळ काढते.

या वयात आठ ते दहा तासांची झोप शरीराची गरज आहे, आणि पौगंडावस्थेत झोप येण्याची वेळच थोडी पुढे सरकते. पहाटे डोळे न उघडणारे मूल आळशी असतेच असे नाही. झोपेत दिवसभराचे शिकणे पक्के होते, म्हणून झोप मोडून केलेला अभ्यास हा भोक पडलेल्या घागरीत भरलेल्या पाण्यासारखा आहे. मोबाइलचा प्रश्नही येथेच सोडवावा. रात्री ठरलेल्या वेळी घरातील सर्वांचे फोन एकाच ठिकाणी, अंथरुणापासून दूर ठेवावेत. 'सर्वांचे' हा शब्द महत्त्वाचा. बापाच्या हाती फोन आणि मुलाला उपदेश, अशा घरात कोणताही नियम आठवडाभर टिकत नाही.

पुष्कळ पालकांची खंत वेगळीच असते. सातवीपर्यंत शिकलेली आई म्हणते, बीजगणितातले मला काय कळते, मी मुलाला काय मदत करणार? या खंतीला शास्त्राने दिलेले उत्तर मोठे दिलासा देणारे आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले फार झपाट्याने विसरले जाते आणि मध्ये मध्ये खंड ठेवून केलेली उजळणी ते टिकवते, असे त्यातून दिसले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवून दिले की, धडा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहतो. याचा सरळ अर्थ असा की मुलाला विचारणारे माणूस हवे, आणि विचारणाऱ्याला उत्तर येत असलेच पाहिजे असे नाही. भाकरी थापता थापता आईने म्हणावे, 'आज शाळेत काय शिकवले ते मला समजेल असे सांग.' मूल सांगू लागते, मध्येच अडखळते, आणि कोठे अडखळलो हे त्याचे त्यालाच कळते. तेवढेच पान त्याने पुन्हा उघडायचे. चार दिवसांनी आईने तेच पुन्हा विचारायचे. या कामाला पदवी लागत नाही आणि फीही पडत नाही.

क्लासच्या फीविषयी एक शब्द सांगणे आवश्यक आहे. कर्ज काढून भरलेली फी मुलाला दररोज ऐकवली जाते. 'तुझ्यासाठी एवढे पैसे घातले' हे वाक्य आईबापांना प्रेमाचे वाटते. मुलाच्या कानी ते सावकाराच्या तगाद्यासारखे पडते. जेथे शाळेतील शिक्षक चांगले शिकवतात तेथे क्लास नसला तर मुलाचे नुकसान होत नाही. जेथे ते शिकवत नाहीत, तेथे पालकांनी वेगवेगळे क्लास शोधण्याऐवजी एकत्र येऊन मुख्याध्यापकांना जाब विचारावा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील वा माध्यमिक शालान्त परीक्षा न झालेल्या मुलांना प्रवेश देऊ नये असे त्यांत म्हटले आहे. नियमाची इतकी सुस्पष्ट भाषा असूनही फलकांवरील जाहिराती आठवीपासून सुरू होतात. शिक्षणाचा बाजार भीतीवर चालतो, आणि पालकाची भीती हेच त्याचे भांडवल आहे.

मुलींच्या बाबतीत घराने आणखी एक हिशेब मांडावा. दहावीच्या निकालात मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण वर्षानुवर्षे मुलांपेक्षा अधिक लागत आले आहे. त्या हे यश पाणी भरून, भांडी घासून, धाकट्या भावंडांना सांभाळून मिळवतात. परीक्षेच्या वर्षात मुलाच्या हाती दुधाचा पेला आणि मुलीच्या हाती केरसुणी, हे दृश्य पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही दिसते. स्त्री-पुरुष समतेवरचे व्याख्यान तिला नको आहे. संध्याकाळचे दोन तास हवे आहेत. ते भावाने आणि बापाने स्वतःच्या हाताने काम करून द्यावयाचे आहेत. आणि दहावी झाली की स्थळ पाहू, ही कुजबुज तिच्या कानावर जात असेल तर ती अभ्यास कशासाठी करील? मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तो विषय घरात निघणार नाही, असे आईबापांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. कायदाही तेच सांगतो.

आता सर्वांत कठीण भाग. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या सर्वांचे कारण परीक्षा नव्हते आणि प्रत्येक दुःखाला एकच कारण नसते. तरी जे मूल एकाएकी गप्प होते, जेवण टाकते, आवडीच्या गोष्टी सोडते, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलते, त्याला नाटके करतो म्हणून हिणवणे धोक्याचे आहे. त्याच्याजवळ बसून 'तुला फार त्रास होतो आहे का?' असे सरळ विचारावे आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावे. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मुलाला जसे बोलता येते तसेच पालकालाही येते. ताप आला तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही.

मूल नापास झाले तर पुढे काय, हे पालकाला निकालापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्या मुलासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. उत्तीर्ण झाल्यावर अकरावी हा एकच रस्ता नाही. शासकीय आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत, आणि अर्ज भरताना पसंतिक्रमात केलेली एक चूक गावापासून चाळीस किलोमीटरवरचे महाविद्यालय पदरात टाकू शकते. ही माहिती मध्यमवर्गीय घरात चहाच्या टेबलावर मिळते. मजुराच्या घरात ती कोणीतरी नेऊन द्यावी लागते. येथून वस्तीचे काम सुरू होते.

या जिल्ह्याला ते काम नवे नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची जडणघडण उदोजी मराठा वसतिगृहाशी निगडित आहे. खेड्यातल्या पोराला शिकवायचे तर आधी त्याला शहरात निजायला जागा आणि खायला भाकरी पाहिजे, हे त्या पिढीने ओळखले होते. शेजारच्या खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडून काढीत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत. मुलांना शिस्तीवर प्रवचन देण्याआधी त्यांनी हाती झाडू घेतला. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. ज्या शहरात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी वाचनाची जागा सांभाळली, त्या शहरातील कामगार वस्त्यांत संध्याकाळी सात ते दहा अभ्यासाला एक उजेडाची खोली मिळू नये, याचे समर्थन करता येणार नाही.

खोल्या नाहीत असे नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. समाजमंदिरे लग्नसराईखेरीज रिकामी असतात. पक्षाची आणि युनियनची कार्यालये रात्री आठनंतर बंद होतात. एक चटई, चार दिवे, पिण्याचे पाणी, मुलींना घरी पोहोचवणारे एक जबाबदार माणूस आणि आठवड्यातून दोन दिवस गणित-विज्ञान सांगणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा निवृत्त शिक्षक, एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. ग्रामीण भागात प्रश्न अधिक बिकट आहे. द्राक्षाच्या कामावर आईबाप निफाडला आणि परीक्षा केंद्र सुरगाण्याला, अशा मुलांची नावे डिसेंबरातच काढावी लागतील. त्यांची आश्रमशाळेत वा वसतिगृहात मार्चअखेरपर्यंत राहण्याची सोय झाली पाहिजे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. निवेदन घेऊन फार दूर जावे लागत नाही.

याच संदर्भात एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या पोहोचवणारे हात पुष्कळदा पालकांचे आणि गावच्या पुढाऱ्यांचे असतात. आपल्या मुलाला मदत केली असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांनी मुलाला सांगितलेले असते की, तुझ्याच्याने हे होणार नाही. वर्षभर अभ्यासाला जागा न देणारी वस्ती शेवटच्या दिवशी चिठ्ठी देते, हा अपराध मुलाचा नाही.

वस्तीच्या कामाने शासनाची जबाबदारी संपत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. ज्या दोन इयत्तांत गरिबाच्या मुलाचा पाय सर्वाधिक घसरतो त्या नववी-दहावी या हक्काच्या कुंपणाबाहेर राहिल्या. श्रीमंत-गरिबांची मुले एकाच शाळेत शिकावीत म्हणून कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये समान शाळा पद्धतीचा आग्रह धरला. १९९३ साली यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. दोन्ही कपाटात राहिले आणि भार पालकांच्या खिशावर व मुलांच्या मानेवर आला. हा हक्क दहावीपर्यंत नेण्याची मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात असली पाहिजे. परंतु कायदा होईपर्यंत यंदाचे मूल थांबणार नाही. त्याची परीक्षा याच फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत दहावीला किती मुले-मुली आहेत याची यादी दिवाळीपूर्वी करावी, आणि त्यांच्यासाठी एक खोली उघडून घ्यावी. निकाल लागल्यावर गुणवंतांचे सत्कार सगळेच पक्ष करतात. शाल-श्रीफळाला आणि छायाचित्राला गर्दी होते. त्या दिवशी कार्यकर्त्याने आधी त्या घरी जावे जेथील मूल नापास झाले आहे. जाताना पुरवणी परीक्षेचा अर्ज बरोबर न्यावा, आणि आईबापांच्या देखत त्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे. सत्काराचा हार दुसऱ्या दिवशी घातला तरी चालेल.